मोटार आमची, आवाज वडापचा

हातातला कप आधी खाली ठेवा. मागं हा किस्सा ऐकताना एका पाहुण्याच्या नाकातून चहा आला होता. आणि हो, यातला गाढवपणा शंभर टक्के माझा. वाटेकरी कुणी नाही!

नव्वदनंतरची गोष्ट. बारामतीत माझ्याकडं एक जुनी परदेशी मोटार होती. पाठ गोल, इंजिन मागं, डिकी पुढं. रेडिएटर नाही, पाणी नाही, नुसत्या वाऱ्यावर थंड होणारं इंजिन. गल्लीत तिला 'कासव' म्हणायचे, आणि इंजिन म्हातारं झाल्यापासून ती नावाला जागायला लागली होती. भिगवण रस्त्यावर मला एकदा सायकलवाल्यानं मागं टाकलं. सायकलवर डबलसीट होती, बरं का!

त्यात मेव्हणीचं लग्न ठरलं. मुलगा इंदापूरचा, मांडव निरवांगीला, सासऱ्यांच्या दारात. सासऱ्यांना आम्ही मामा म्हणतो. साखर कारखान्यात उभी हयात यंत्रावर गेलेली. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, पण कान असा, की बेअरिंग खराब झालंय हे भिंतीपलीकडून सांगायचे. माझं कासव ओढ्यापलीकडं असतानाच घरात हुकूम सुटायचा, "चहा टाका, जावयबापू आलं."

"नवरदेवाला जीप सांगतो," मामा म्हणाले.

"कशाला? मी आहे की! कासवातनं आणतो."

"वेळंवर न्हाय आला तर?"

"तर मोटार भंगारात घाला!"

बायकोनं मला बाजूला घेतलं. "माझ्या बहिणीचं लगीन हाय. तुमच्या मोटारीची ट्रायल न्हाय!"

आता शब्द गेला होता. लग्नाला उरलेले अठरा दिवस आणि माझ्या बुडाखाली मुंग्या. गेलो हमीदभाई मिस्त्रीकडं.

"तीन वाटा हैत," तो म्हणाला. "एक, हेच इंजन खोलायचं, मोठं पिस्टन-सिलेंडर टाकायचं. झकास काम. पण सामान मुंबईवरनं यायचं, दीड म्हैना लागंल. दोन, नव्या मोटारीचं पाण्याचं इंजन. मग फुडं रेडिएटर, मधनं पाइप. तुमच्या खिशाला झेपायचं न्हाय."

"आणि तिसरी?"

त्यानं कोपऱ्यातल्या गोणपाटाकडं बघितलं. "ती इचारू नगा."

मी विचारायच्या आधी गोणपाटच उचललं! खाली तीनचाकी वडापचं डिझेल इंजिन. वडाप म्हणजे एसटीच्या आधी येऊन, फाट्याफाट्यावर माणसं कोंबून नेणारी गाडी.

"हेही वाऱ्यावरच थंड होतं की! एका जातीचं निघालं!"

"साहेब, सोयरीक करायलाय का इंजन बसवायलाय? दीड म्हैना थांबा."

थांबणं आमच्या रक्तात असतं तर काय हवं होतं! बसवलं. मामांना मुद्दाम सांगितलं नाही. म्हटलं, लग्नात आवाज ऐकूनच गार झाले पाहिजेत.

लग्नादिवशी झेंडूच्या माळा लावून इंदापुरातून निघालो. मुहूर्त साडेबाराचा. वऱ्हाडाचा ट्रक पुढं गेलेला. माझ्या शेजारी मुंडावळ्या बांधलेला नवरदेव, मागं करवली, तिच्या मांडीवर करा. आणि आवाज? टक्-टक्-टक्-टक्! नवरदेवाच्या मुंडावळ्या तालावर नाचत होत्या.

पहिल्याच फाट्यावर बाभळीखाली बसलेली माणसं उठली आणि हात करून रस्त्यात आली. आमच्याकडं वडाप कुणी डोळ्यांनी बघतंय होय? कानावर आवाज पडला की माणूस धोतर झटकून उभा! मी ब्रेक दाबला. इंजिन बंद.

डिझेल इंजिन फिरवायला जोर लागतो आणि कासवाची बॅटरी बारकी. धक्का हवा. चौघांनी ढकललं, टक्-टक् सुरू झालं, तेवढ्यात एक म्हातारी कोंबडीच्या पाटीसकट मागं चढलीसुद्धा!

"आजी, ही लग्नाची मोटार हाय!"

"आसू दे की. म्या कुठं न्हाय म्हनलं? सरक गं करवले!"

"तुम्ही ढकललं तरी का?"

"मंग ढकलली ती आमची पोरं बसवून घे."

धक्का दिलेल्याला नाही म्हणायचं कसं? दोघं आत आले. वजन वाढलं, म्हणून चढावर इंजिन पुन्हा बंद. पुन्हा धक्का, पुन्हा धक्का देणारे आत! पुढच्या फाट्यावर खऱ्या वडापवाल्यानं गाडी आडवी घातली. "ए फुलवाल्या! नंबर माझा हाय!" निमगावच्या पुढं आत नऊ माणसं, करवलीच्या मांडीवर करा आणि कऱ्यावर पाटी. कोंबडीनं झेंडू खायला सुरुवात केलेली.

मी घामानं भिजलो, पण एक कसब मात्र अंगात बाणलं. गाडी थांबवायची नाही. कुणी हात केला की वेग कमी करायचा, पाय ॲक्सिलेटरवर ठेवायचा, दार उघडलं की ओरडायचं, "सरकून घ्या!", आणि दार वाजलं की सुटायचं.

निरवांगीत शिरलो तेव्हा बारा पंचवीस. मांडवातली माणसं मोटारीची वाट बघत होती. आवाज आला वडापचा. कोण मान वळवतंय? ताशेवाले विड्या ओढत बसलेले. मी गिअरशी झटत होतो, नजर खाली. तेवढ्यात कुणीतरी हात केला.

सवय हो! वेग कमी केला. डावीकडचं दार उघडलं.

"इंदापूर! बिगीबिगी!"

"सरकून घ्या नवरदेव, अजून एक बसंल!" मी म्हणालो, पण माझा आवाज टक्-टक्मध्ये पार बुडाला. दार वाजलं. सुटलो!

मांडव मागं पडला. फेट्यातला म्हातारा नवरदेवाला कोपरानं रेटत सांगायला लागला, "आमचा थोरला जावई नवरदेव आणतो म्हनून गेलाय बग. दोन तास झालं, पत्ता न्हाय. ह्या वडापनं आनला आसता तर कवाच अक्षता पडल्या आसत्या!"

नवरदेवानं कोंबलेल्या जागेतच कसेबसे हात जोडले. "मामा... म्याच त्यो."

मी ब्रेक दाबला. इंजिन बंद.

काय सांगू! सगळे प्रवासी, करवली आणि खुद्द वधूपिता मिळून मोटार ढकलत मांडवापर्यंत आणली. भटजींनी मंगलाष्टकं पटापटा उरकली म्हणून मुहूर्त साधला. बायको माझ्याकडं बघत नव्हती, हे त्यातल्या त्यात बरं होतं.

जेवणं झाल्यावर मी खालमानेनं मामांपुढं गेलो. "मामा, शब्द दिलाय. घाला मोटार भंगारात."

मामा काठी टेकत मोटारीपाशी आले. चौघांना हाक मारून धक्का द्यायला लावला. टक्-टक् सुरू झालं. त्यांनी गोल पाठीवर हात ठेवला, डोळे मिटले, कान लावून बराच वेळ ऐकलं.

"इंजन ठणठणीत हाय," मामा म्हणाले. "बिगाड फुडं हाय. स्टेरिंग धरून बसतोय त्यो!"