बावीस पावलांवरून

“मावशी, भीती वाटते हो,” असं ते दिवसातून दहा वेळा म्हणायचे. सोल्डरिंग गन बंद केली का, याची भीती. कुलूप नीट लागलं का, याची भीती. संध्याकाळी कुलूप तीनदा ओढून बघायचे, स्कूटरला किक मारायचे, कोपऱ्यापर्यंत जायचे आणि चौथ्यांदा ओढायला परत यायचे. सहा फुटांचा माणूस. देवळाली कॅम्पात तोफखान्यात वायरलेसचे सेट दुरुस्त करत वीस वर्षं काढलेली. तोफांनी डावा कान घेतलेला, म्हणून बोलणाऱ्याकडे उजवा कान करून, मान वाकडी करून उभे राहायचे. असा एखादा माणूस तुम्हीही पाहिला असेल. भित्रा म्हणून त्याला हसलाही असाल. मी हसत होते.

आता ते नाहीत. गेल्या वर्षी हृदयविकारानं गेले. माणूस मेला की लोक त्याला देवमाणूस करून टाकतात, मी करणार नाही. चहा फुरफुर करत प्यायचे, नखं टेबलावर कापायचे आणि एकच गोष्ट पाच वेळा विचारायचे.

अंबडच्या औद्योगिक वसाहतीत त्यांचा एक गाळा होता. मी तिथं झाडणं, चहा आणि माल भरणं बघायचे. ते मला मावशी म्हणायचे, मी त्यांना भाऊ. ते डब्या बनवायचे. मळ्यात एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांसाठी. डबी भिंतीवर लावायची, तिचं बटण दोऱ्यात घालून गळ्यात. घरात, अंगणात, गोठ्यात काही झालं तर बटण दाबून धरायचं आणि ओरडायचं. डबी ते ऐकते आणि दहा-दहा सेकंदांचे तुकडे करून शेजाऱ्यांच्या फोनवर पाठवते.

डबीच्या आत करंगळीच्या नखाएवढी काळी चिप. तिला ते कोडेक म्हणायचे. माइकमधून आलेल्या आवाजाचे ती आकडे करते, तेच आकडे पुढे फोनवर जातात. बारीक आवाज किती मोठा करायचा, हेही तिलाच सांगून ठेवायचं. त्याला गेन म्हणतात. मी चौथी शिकलेली, पण रोज कानावर पडलं की समजतं.

प्रत्येक डबीच्या चाचणीला ते मला बोलवायचे. “मावशी, बोला.”

“काय बोलू?”

“काहीही. म्हातारीचा आवाज पाहिजे.”

“म्हातारी तुमची आई! आधी ती नखं उचला टेबलावरची.”

ते फोन उजव्या कानाला लावून माझी शिवी ऐकायचे आणि खूश व्हायचे. “ठीक है. एकदम क्लिअर.”

माझी थोरली बहीण, आम्ही तिला अक्का म्हणतो, निफाडच्या पुढं मळ्यात एकटी राहते. एक म्हैस, एक कुत्रा. घराच्या मागं गोठा आणि गोठ्याला लागून दुसऱ्याचा ऊस. उसात बिबट्या असतो, हे तिकडं कुणाला नव्यानं सांगावं लागत नाही. मी भाऊंच्या मागं लागून दसऱ्यानंतरच्या मालातली एक डबी तिच्यासाठी घेतली. त्यांनीच जाऊन लावून दिली आणि बटण दाबल्यावर फोन वाजतो, एवढं पाहिलं. त्या खेपेला बारा डब्या गेल्या होत्या.

आठ-दहा दिवसांनी सकाळी अक्काचा फोन. आवाज बसलेला.

“तुझ्या त्या भाऊला सांग, डबी घेऊन जा म्हणावं. काल दिवेलागणीला कुत्रा केकाटला आन् गप झाला. म्हस दावं तोडाय लागली. मी बटन दाबून किती वरडले! कुनी नाय आलं.”

“मग तू काय केलंस?”

“काय करनार? दाराला पाटा लावला आन् बसले. बाहेर ते फिरत व्हतं. सकाळी द्राक्षाच्या बागंत ओल्या मातीत पाय उमटलेत, हे एवढाले.”

तिच्या शेजाऱ्यानं सांगितलं की फोन वाजला होता, पण त्यात नुसती खरखर. आजीचा हात चुकून लागला असेल असं त्याला वाटलं.

मी हे सांगितलं तेव्हा भाऊ चहा पीत होते. त्यांनी पेला खाली ठेवला. “बारा डब्या आहेत मावशी,” म्हणाले. “बारा घरं.” मग त्यांनी बारा घरी फोन केले. डबीच्या भरवशावर राहू नका, शेजाऱ्याला सरळ फोन लावा, अंधार पडायच्या आत घरात या. प्रत्येकाला दोनदा सांगितलं. मी हसले नाही.

टेबलावरची डबी मात्र खणखणीत ऐकत होती. तीच चिप, तोच माइक. गाळ्यात बसून लांबच्या डबीचा गेन वाढवता येत होता. त्यांनी अक्काच्या डबीचा वाढवला आणि तिला बोलायला लावलं. खरखर वाढली. अक्काचा आवाज विहिरीच्या तळातून आल्यासारखा होता, तो तसाच राहिला. अजून वाढवला. कान फुटेल इतकी खरखर, आवाज तिथंच.

“चिप ओरडायला तयार आहे,” भाऊ म्हणाले, “पण तिच्यापर्यंत आवाज पोचतच नाही. माइकला चिपकडून जरासा करंट लागतो, तो मिळत नसेल. नाहीतर माइकच खराब लागलेत. सगळे.”

“मग?”

“मग जाऊन उघडायची.” आणि हळूच, “भीती वाटते हो.”

दुपारच्या एसटीनं आम्ही निफाडला गेलो, तिथून रिक्षानं मळ्याच्या फाट्यापर्यंत, पुढं पायी. उसाच्या कडेनं जाताना ते माझ्या आणि उसाच्या मधून चालत होते आणि उजवा कान उसाकडे होता. मी बोलायला लागले की हात वर करायचे. पान जरी हललं तरी थांबायचे.

अक्कानं दार उघडायला वेळ लावला. पाटा अजून दाराशीच होता. कुत्र्याची साखळी रिकामी पडलेली.

भाऊंनी डबी उतरवली, झाकण काढलं, मीटर लावलं. करंट बरोबर होता. त्यांनी कपाळ पुसलं. “अक्का, बटण दाबून बोला.”

“काय बोलू? कुत्रा नेला माझा मेल्यानं.”

भाऊंनी चाचणीला जोडून माझ्या हातात दिलेला फोन असा खणकन बोलला की मी दचकले. भाऊंनी झाकण बसवलं आणि पुन्हा बोलायला सांगितलं. आवाज विहिरीच्या तळाला. झाकण काढलं, खणखणीत. बसवलं, तळाला. तेव्हा त्यांनी झाकण दाराकडे, उजेडात धरलं. पुढच्या बाजूला माइकसमोर एक बारीक भोक असतं. त्यातून उजेड येत नव्हता.

त्यांनी अक्काकडून सुई घेतली. भोकातून लाल-पिवळा खडा निघाला आणि त्यात अडकलेली तांदळाची कणी. त्यांनी तो बोटावर घेऊन वास घेतला.

“हळद आहे.”

दसऱ्याला आम्ही गाळ्यात हत्यारांची पूजा केली होती. मीटर, पकडी, सोल्डरिंग गन, आणि चाचणी होऊन भरायला ठेवलेल्या बारा डब्या. प्लास्टिकवर कोरडं कुंकू टिकत नाही म्हणून मी हळदकुंकू तेलात कालवलं होतं आणि वर अक्षता लावल्या होत्या. पांढऱ्या डबीवर बरोबर मधोमध ते बारीक भोक. टिळा लावायची जागा वाटली. मी एकेका भोकावर बोट दाबून टिळा लावला होता. बारा वेळा. टेबलावरची चाचणीची डबी उघडी होती, तिला झाकणच नव्हतं, म्हणून ती वाचली.

“मी केलं हे,” मी म्हणाले. अक्काकडे बघायची माझी हिंमत झाली नाही.

भाऊ मान वाकडी करून माझ्याकडे बघत राहिले. “पॅक करायच्या आधी ओल्या फडक्यानं टिळे कुणी पुसले? मीच. तुम्ही वर लावलं, मी आत ढकललं.” मग म्हणाले, “आता अकरा घरं राहिली.”

अक्का मला म्हणाली, “तरी तुला लहानपनापासून सांगते, जिथं तिथं बोट घालू नको.” ती हसली नाही, मीही नाही.

डबी परत मागच्या भिंतीवर, गोठ्याकडच्या खिडकीशी लागली तेव्हा ऊन उतरलं होतं. भाऊंनी विचारलं, “रात्री काही झालं तर तुम्ही कुठून ओरडाल?”

“गोठ्यातून. म्हस तिथंच हाय ना.”

“मग तिथून तपासायला पाहिजे.”

“सकाळी तपासा की. आता कशाला जाता? दिवे लागायची येळ झाली.”

“रात्री तुम्ही इथंच झोपणार ना अक्का?” असं म्हणून त्यांनी बटण गळ्यात घातलं. मी त्यांचा दंड धरला. “मला भीती वाटते मावशी,” ते म्हणाले. दंड सोडवून घेतला आणि बाहेर पडले. घराच्या कोपऱ्यावरून वळले आणि दिसेनासे झाले.

फोन माझ्या हातात. पहिला तुकडा आला. “एक. दोन. तीन. चार.” पावलं मोजत होते, रोजच्या बोलण्याच्या आवाजात. सकाळी वाढवलेला गेन त्यांनी कमी केला नव्हता आणि आता भोक मोकळं होतं. डबी सगळं ऐकत होती. चपलेखालचा खडा, म्हशीचा श्वास, उसाच्या पात्यांची सळसळ. “अकरा. बारा.” तेव्हा माझ्या लक्षात आलं की मी ऐकते आहे ते सगळं आधीचं आहे. तुकडा भरतो, मग येतो. फोन बारा म्हणतो तेव्हा माणूस पुढं कुठं पोचलाय, आहे का नाही, हे मला ठाऊक नाही.

“वीस. एकवीस. बावीस.” मग नुसता त्यांचा श्वास.

पुढच्या तुकड्यात म्हशीनं दावं जोरात ओढलं. मग भाऊ, अगदी हळू. “मावशी, इथं वास येतोय.”

पुढचा तुकडा आला नाही.

अक्कानं कोयता उचलला. मी दाराकडे गेले, पण उंबऱ्याबाहेर पाय निघाला नाही. खोटं कशाला सांगू? मी तिथंच उभी राहून फोनकडे बघत होते.

मग कोपऱ्यावर त्यांची पाठ दिसली. ते उलटे येत होते, तोंड उसाकडे, एका हातात चप्पल, दुसऱ्या हातात म्हशीचं दावं, बटण नुसतंच गळ्यात. म्हैस त्यांच्या मागं नव्हती, पुढं होती, त्यांच्या आणि उसाच्या मध्ये, आणि ते तिला एकेक पाऊल ओढत आणत होते. धावले असते तर लवकर आले असते. अक्कानं म्हैस पडवीत घेतली. मी दार लावलं, पाटा सरकवला.

भाऊ भिंतीला टेकून खाली बसले. शर्ट अंगाला चिकटला होता. त्यांनी उजवा कान माझ्याकडे केला.

“बावीसवरून,” त्यांनी विचारलं, “ऐकू आलं?”