व्याह्यांचा डोह

आमच्या व्याह्यांइतका सज्जन आणि त्यांच्याइतका ताप देणारा माणूस बिदर आणि कलबुर्गी हे दोन्ही जिल्हे पालथे घातले तरी दुसरा सापडायचा नाही. सज्जन अशासाठी, की माझ्या मुलीला त्यांनी आजवर एक उणा शब्द ऐकवला नाही. आणि ताप अशासाठी, की त्यांना पाणमांजरांचं वेड आहे. त्यांच्या दुबलगुंडीकडच्या ओढ्यातली पाणमांजरं केव्हाच गेली. बिदरमधल्याच मेहकरकडच्या माझ्या शेताला मात्र मांजरा नदी लागून आहे आणि तिच्या डोहात पाणमांजरांचं एक कुटुंब राहायचं. सोयरीक ठरवायला आले तेव्हा व्याह्यांनी देण्याघेण्याबद्दल अवाक्षर काढलं नाही, एवढंच विचारलं, "डोहाला पाणी कुठवर राहतंय, अण्णा?" मला वाटलं, पाव्हणे आमची ऐपत जोखतायत. मी ऐटीत सांगितलं, "मिरगापतूर हलत न्हाई." झालं! मी मुलगी दिली आणि त्यांनी डोह घेतला.

तेव्हापासून उन्हाळा लागला की रोज फोन. मी तापाने फणफणलेला असलो तरी पहिला प्रश्न, "डोह कसा हाय?" आणि दुसरा, "पाठीमागं पाण्याची मोटार कामून वाजायलीय?" स्वतः आले तर घरात पाय ठेवण्याआधी नदीवर जाऊन गाठी मारलेली दोरी पाण्यात सोडणार. एकदा तर पुरणपोळीच्या ताटाशेजारी त्यांनी कागदाची पुडी उलगडली. आत पाणमांजराची वाळलेली विष्ठा! "बघा, खवलंच खवलं. खाऊनपिऊन सुखी हायत," असं म्हणून हात धुतले आणि पोळीवर तूप मागितलं. माझी बायको त्या दिवशी जेवली नाही. पावसावर बोलू लागले की मात्र त्यांचा आवाज खाली यायचा. "नदीला आता दोनच सवयी राहिल्या, अण्णा. आली तर बिळं बुडवून पिल्लं न्यायची, न्हाई तर होळीपासनंच तोंड लपवायचं. चार महिन्यांचा पाऊस चार दिसांत उरकायलाय." हे मलाही दिसत होतं, फक्त मला त्यावर मोटार आणखी खाली सरकवणं एवढाच उपाय सुचत होता.

नातवाचं बारसं चैत्रात आमच्याकडे झालं. मी व्याह्यांना आहेर केला, तर त्यांनी टॉवेल-टोपी अलगद बाजूला ठेवली आणि हात जोडले. "मला ह्यातलं कायबी नको. मिरगापतूर मोटार बंद ठिवा. डोहात कंबरभर पाणी उरलंय अन् तीन पिल्लं हायत." मुलीच्या सासऱ्याने भरल्या मांडवात मान मागितला, तर नाही कोण म्हणणार? माझा दीड एकर ऊस डोळ्यांपुढे उभा राहिला. "बरं," म्हणालो. मनात त्यांना जे म्हणालो ते इथे लिहिण्यासारखं नाही.

मोटार बंद ठेवली. ऊस वाळला. आणि ऊन असं पडलं की डोहही आटला. एका सकाळी चिखलात पावलं दिसली, मोठी आणि लहान, वरच्या अंगाला कोरड्या पात्रात निघून गेलेली. फोनवर सांगायचा धीर झाला नाही. नुसतं "या" म्हणालो. व्याही आले आणि दोरी न काढता काठावर बसून राहिले. मग म्हणाले, "माफ करा, अण्णा. तुमचा ऊस फुकट गेला की हो माझ्यापायी."

या माणसाने गप्प बसावं म्हणून मी इतकी वर्षं देव पाण्यात घालून बसलो होतो, आणि आता ते असे बसलेले मला बघवेना. पण तोंडातून नेहमीप्रमाणे रागच बाहेर पडला. "उसाचं ऱ्हाऊ द्या! मोटार बंद करायला आपुन उशीर केला. पुढल्या साली संक्रांतीलाच काढून ठिवतो."

"अन् ऊस?"

"लावतंय कोण?"

ते उठले आणि पावलं गेली होती त्या दिशेला चालू लागले. ऊन डोक्यावर आलं होतं. त्यांना एकट्याला कसं जाऊ द्यायचं, म्हणून मीही निघालो.