पालिउम

ओल्या लोकरीचा वास मला अजूनही घाबरवतो. नोव्हेंबर लागला की डार्मश्टाटमध्ये धुकं छपरांवरून उतरून रस्त्यांवर येतं, ट्रामच्या काचा आतून धूसर होतात, आणि माणसं आत शिरताना आपल्या जाड कोटांबरोबर तो वास घेऊन येतात. किंचित आंबूस, कुठल्याशा मेंढीच्या अंगाची आठवण जपणारा. त्या वर्षी रुग्णालयाच्या मार्गिकेत भिंतीलगतच्या खुंट्यांवर तसेच कोट टांगलेले होते. त्यांच्या कडांवरून पाणी ठिबकत होतं. मी त्या थेंबांकडे पाहत उभी असताना डॉक्टरबाईंनी अत्यंत सौम्य स्वरात तो शब्द उच्चारला. पालिआटिफ. माझ्या नवऱ्याला, मिलिंदला, त्या विभागात हलवावं, असं त्यांचं मत होतं; बरं करण्यासाठी नव्हे, केवळ वेदना शमवण्यासाठी.

त्यानंतर त्या बरंच काही बोलल्या असाव्यात. त्यांचे ओठ हलताना मला दिसत होते. पण तो एक शब्द कानात शिरला आणि त्याच्यामागे दार लागल्यासारखं झालं. इतकी वर्षं या देशात काढून, प्रयोगशाळेत दिवसभर जर्मन बोलून, भांडून, विनोद करूनही काही शब्द मी केवळ इतरांसाठी राखून ठेवले होते. हा त्यातला होता. सहकाऱ्याच्या वृद्ध आईसाठी, शेजारच्या आजोबांसाठी. शेचाळीस वर्षांच्या मिलिंदसाठी नव्हे.

"त्यांच्यासमोर हा शब्द वापरू नका," मी म्हणाले.

"आजार त्यांचा आहे," डॉक्टरबाई म्हणाल्या. "आम्ही काही लपवू शकत नाही. हवं तर आधी तुम्ही बोला. उद्या दुपारी मी येईन."

मिलिंद अभियंता होता. आमच्या गावातल्या ज्या केंद्रातून अवकाशयानांशी संवाद साधला जातो, तिथे तो संदेशांच्या गणितावर काम करी. त्याच महिन्यात त्या केंद्रानं एका धूमकेतूवर लहानसं यान उतरवलं होतं. सगळं गाव त्या आनंदात न्हाऊन निघालं होतं. बेकरीवालीसुद्धा पाव बांधून देताना त्या यानाची चौकशी करी. मिलिंदनं आयुष्यातली कित्येक वर्षं त्या क्षणाची वाट पाहिली होती, आणि तो क्षण आला तेव्हा तो रुग्णशय्येवर कुशीवर वळून, मणक्यात पसरलेल्या वेदनेशी झुंजत, दात आवळून टीव्हीकडे पाहत होता. यान टेकल्याची बातमी आली. केंद्रातली माणसं एकमेकांना मिठ्या मारू लागली. मिलिंद म्हणाला, "बंद कर ते." त्याच्या कपाळावर घामाचे बारीक मणी होते, आणि ते आनंदाचे नव्हते.

त्या दुपारी मी घरी आले ती शब्द तोंडात धरून. गिळता येईना, थुंकता येईना. स्वयंपाकघरात सासूबाई वरण घोटत होत्या. मुलाचं दुखणं कळल्यावर त्या नागपूरहून आल्या होत्या. त्यांच्या येण्यानं घरात हिंगाचा आणि उदबत्तीचा वास रुजला होता. टेबलाशी आमची मुलगी मित्रा शाळेचा अभ्यास करत बसली होती. तेरा वर्षांच्या त्या पोरीला मराठी सगळं समजे, पण उत्तर ती जर्मनमधूनच देई.

"वास इस्ट लोस?" माझा चेहरा पाहून तिनं विचारलं. काय झालं?

बाबाला दुसऱ्या विभागात नेणार आहेत, एवढंच सांगायचं मी ठरवलं होतं. पण "कुठल्या?" असं तिनं विचारलं आणि तो शब्द माझ्या तोंडून निसटला. मला वाटलं, आता ही रडेल. ती रडली नाही. समोरचा लॅटिनचा जाड शब्दकोश तिनं ओढला, पानं उलटली, आणि एका ओळीखाली बोट ठेवून म्हणाली, "पालिउम. देर मांटेल."

मांटेल म्हणजे अंगावर घ्यायचा झगा. हळूहळू, वर्गात उत्तर द्यावं तशा एकसुरी आवाजात, ती मला समजावू लागली. रोममधला नागरिक टोगा नेसायचा, अर्धवर्तुळाकार, डौलदार, सावरायला अवघड. पालिउम ग्रीकांकडून आलेलं. नुसतं चौकोनी लोकरी वस्त्र, खांद्यावरून घेऊन अंगाभोवती लपेटायचं. तत्त्वज्ञ ते वापरत. तेच अंगावर ओढून निजताही येई. त्या वस्त्रावरून झाकणं, लपेटणं या अर्थाचं क्रियापद झालं, आणि त्यावरून हा वैद्यांचा शब्द.

"काय सांगून राहिली पोरगी?" सासूबाईंनी विचारलं. डाव त्यांच्या हातात तसाच होता.

"एका कापडाबद्दल सांगते आहे, आई. जुन्या काळचं. पांघरूण."

"मिलिंदले थंडी वाजते का तिथं?"

मी हो म्हणाले. त्या आत गेल्या आणि आपली सोलापुरी चादर घडी घालून माझ्या पिशवीशेजारी ठेवून गेल्या. खोटं बोलणं इतकं सोपं असतं, याची मला भीती वाटली.

आपल्या भाषेत पांघरूण घालणं याचे दोन अर्थ आहेत. कुडकुडणाऱ्या माणसाच्या अंगावर मायेनं घालतात ते एक. आणि अप्रिय गोष्ट कोणाच्या नजरेस पडू नये म्हणून तिच्यावर घालतात ते दुसरं. लेकीनं नंतर सांगितलं की जर्मनमध्येही मांटेलपासून असंच एक क्रियापद होतं, दोष झाकण्याचं. मी त्या दिवशी नेमकं कुठलं पांघरूण घालत होते, कोणावर, हे मला नीट उमगत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी रुग्णालयाकडे निघाले आणि पोचले विद्यापीठाच्या ग्रंथालयात. लुइझेनप्लाट्झच्या चौकात ट्राम बदलायची होती. मी बदलली नाही. धुक्यात तिथला उंच स्तंभ अर्ध्यावरच नाहीसा झाला होता, आणि पाय मला जिकडे नेत होते तिकडे मी चालत गेले. भ्यालेला माणूस काय काय करतो! मी व्युत्पत्तिकोश मागवून घेतले. शब्दाचं मूळ सापडलं तर त्याचं विष उतरेल, अशी काहीशी वेडी आशा मनात असावी. 'पालव' आणि 'पल्ला' हे पदरासाठीचे आपले शब्द त्याच कुळातले निघावेत असं मला फार वाटत होतं. पण ते संस्कृत पल्लवाच्या अंगणातले, कोवळ्या पानांचे सगेसोयरे. साम्य केवळ नादाचं. पुढे वाचत गेले. कालांतरानं त्या वस्त्राची एक अरुंद लोकरी पट्टी उरली, धर्मगुरूंनी खांद्यावर घ्यायची. आणि मग, एका ओळीत, इंग्रजीत पोचलेलं त्याचं रूप: शवपेटीवर अंथरायचं कापड.

मी कोश मिटला. हाताची बोटं गार पडली होती. खिडकीबाहेरच्या झाडाला एकही पान नव्हतं. समोर कोणी विद्यार्थिनी सफरचंद खात होती आणि त्या दातांचा आवाज त्या शांततेत मला असह्य होत होता. जिवंत माणसाला ऊब देणारं आणि मेलेल्याला झाकणारं वस्त्र एकच, हे कळायला मला कोशाची गरज नव्हती खरं तर. पण ते छापलेलं पाहिलं आणि पळायला जागाच उरली नाही. मग मी रुग्णालयात गेले.

मिलिंद जागा होता. त्याला सगळं सांगितलं. शब्द न वगळता. तो भिंतीकडे कुशीवर वळला.

"तिथून कोणी परत येत नाही, प्रज्ञा. तू हो म्हणालीस?"

"नाही. तुला विचारायला आले."

मी त्याच्या पाठीकडे पाहत राहिले. ती पाठ किती अरुंद झाली होती!

"मला भीती वाटते," तो भिंतीलाच म्हणाला. "मरणाची नंतर वाटेल. आत्ता संध्याकाळची वाटते. चार वाजले की ते पुन्हा सुरू होतं. तुम्ही सगळे येता, मी हसतो, आणि तुम्ही केव्हा जाल याची वाट बघतो. म्हणजे मग ओरडता येईल."

लग्नानंतरच्या इतक्या वर्षांत 'मला भीती वाटते' हे वाक्य आम्ही एकमेकांना कधी म्हटलं नव्हतं. परदेशात संसार मांडणाऱ्यांना ते परवडतही नसावं. एकानं घाबरायचं तर दुसऱ्यानं खंबीर राहायचं, अशी अलिखित वाटणी असते. मी त्याच्या पलंगाच्या कडेवर बसले आणि म्हणाले, "मलाही वाटते. काल दुपारपासून माझे हात गार आहेत." आणि ते हात मी त्याच्या हातात दिले. त्यानं ते चाचपून पाहिले, एखादं यंत्र तपासावं तसे.

मग मी त्याला लेकीचं पालिउम सांगितलं. ऐकता ऐकता तो सावकाश माझ्याकडे वळला. "म्हणजे आपल्या विहारातल्या भन्तेजींच्या चीवरासारखं?"

"जवळपास. पण चीवर तुकडे जोडून शिवतात. हे अखंड."

"बरंय," तो म्हणाला. "एक दिवस बघू."

तो विभाग तळमजल्यावर होता. मोठ्या खिडक्या, बाहेर ओलं गवत, मार्गिकेत कॉफीचा वास. ज्या दालनाच्या कल्पनेनं मी थरकापले होते तिथे कोणीतरी मोठ्यानं हसत होतं. त्यांनी औषधं बदलली, मात्रा बदलल्या, पुन्हा बदलल्या. पहिली संध्याकाळ भयंकर गेली. दुसऱ्या संध्याकाळी मी घड्याळाकडे पाहत श्वास रोखून बसले होते आणि मिलिंद झोपला. तोंड किंचित उघडं, कपाळ कोरडं. मला आनंद व्हायला हवा होता. मी वाकून त्याचा श्वास चालू आहे ना, ते पाहत राहिले.

मित्रा मात्र दारातच थांबली. आत्तापर्यंत न डगमगलेली ती पोर त्या विभागाच्या काचेच्या दारापाशी एकाएकी थिजली. "इश कोम निष्ट राइन," ती म्हणाली. मी आत येणार नाही. तिचे ओठ पांढरे पडले होते. तेव्हा कुठे मला कळलं की टेबलाशी बसून तिनं जे केलं तेच मी ग्रंथालयात केलं होतं. आम्ही दोघी एकाच शब्दाच्या आडोशाला लपलो होतो. सासूबाईंनी तिला समजावलं नाही, ओढलं नाही. गुडघे धरत त्या तिच्याजवळ जमिनीवरच बसल्या आणि पुटपुटत 'बुद्धं सरणं गच्छामि' हे त्रिसरण म्हणू लागल्या. येणारेजाणारे जर्मन त्यांना वळसा घालून जात होते. खूप वेळानं मित्रा उठली, आजीला हात देऊन तिनं उठवलं, आणि दोघी आत गेल्या.

नाताळच्या आधी मिलिंद घरी आला. तिथून परत येता येतं, हे आम्हाला कोणी आधी सांगितलं असतं तरी पटलं नसतं. तो हिवाळा आणि त्यापुढचा वसंत आम्हाला मिळाला. माटिल्डेनह्योएच्या टेकडीवर छाटलेल्या चिनार वृक्षांना पालवी फुटली, तेव्हा त्यांच्याखाली बसून त्यानं लेकीला धूमकेतूची कक्षा कागदाशिवाय, नुसती हवेत बोट फिरवून समजावली. मे महिन्यात तो गेला. त्या दिवशीही मी घाबरलेली होते. त्या भीतीला शेवटपर्यंत घर सोडवलं नाही. फक्त ती एकेकट्याच्या खोलीतून उठून आमच्या सर्वांच्या मध्ये येऊन बसली होती.

गेल्या वर्षी, एका दुपारी, म्युनिकहून एका अनोळखी मुलीचा फोन आला. पुण्याहून नोकरीसाठी आलेली. कोणीतरी माझा नंबर दिला होता. तिच्याकडे राहायला आलेली आई रुग्णालयात होती. "ताई, ते पालिआटिफ म्हणताहेत," ती म्हणाली आणि तिचा आवाज फुटला. "म्हणजे संपलं का हो सगळं?"

माझ्याजवळ सांगण्यासारखं पुष्कळ होतं. मी पालिउमचा उच्चार करायला तोंड उघडलंही. पण पलीकडून तिचा श्वास ऐकू येत होता, आखूड, धावून आल्यासारखा, आणि माझे हात हळूहळू गार होत चालले होते.

"तुझा पत्ता सांग," मी म्हणाले. "मी येते."

म्युनिकच्या गाडीत मला खिडकीजवळची जागा मिळाली. बाहेर शेतं मावळतीच्या उजेडात सरकत होती. तिथे पोचून मी तिला काय म्हणणार, हे मला ठाऊक नव्हतं. वाटेतलं उल्म स्टेशन आलं, गेलं, तरीही ठाऊक नव्हतं.