रिकामा किल्ला

द्वारका चौकाजवळच्या एका गाळ्यात एक गृहस्थ लॅपटॉप दुरुस्त करतात. दुरुस्त झालेल्या लॅपटॉपवर जुन्या लढायांचा एक गेम तासभर खेळून बघतात, तो तापला नाही तरच गिऱ्हाइकाला देतात. बहुतेक वेळा लॅपटॉप थंडच राहतो, तापतात ते.

"हे बघा सर," परवा माझ्या लॅपटॉपवर खेळताना ते म्हणाले. "मी वेढा घातलाय. याच्या किल्ल्यात वर्षभराचं धान्य आहे. आणि हा कॉम्प्युटर सगळी फौज घेऊन माझं एक भिकार गाव जाळायला निघालाय. दरवाज्यावर एक माणूस ठेवला नाही. कोणी शिकवलं याला हे?"

त्यांचं गाव रामशेजच्या पायथ्याशी. मूठभर माणसांनी तो किल्ला मोगलांपुढे वर्षानुवर्षं लढवला, हे ते काल घडल्यासारखं सांगतात.

"बरंच झालं की," मी म्हणालो. "घ्या किल्ला."

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की मी चहाचा कप खाली ठेवला. मग त्यांनी आपली फौज उचलून नदीपलीकडे नेली आणि नुसते बसून राहिले. तास केव्हाच उलटला होता, मला सिन्नरची गाडी गाठायची होती. शेवटी शत्रूची फौज गाव जाळून किल्ल्यात परतली, तेव्हा त्यांनी पुन्हा वेढा घातला.

"आता दरवाजा लाव आणि लढ," ते स्क्रीनला म्हणाले.

पुढच्याच चालीला दरवाजा उघडला आणि सगळी फौज बाहेर पडली.

त्यांनी लॅपटॉप मिटून माझ्या हातात दिला.

"न्या. तापला नाही, म्हणजे यात काही बिघाड नाही म्हणे."