सात मिनिटांची चिठ्ठी

हिंदुराव जपानला जाऊन आला, ही बातमी निगडीपासून चाकणपर्यंत कुणाला सांगायची राहिली नव्हती. किराणावाल्याला माहीत, इस्त्रीवाल्याला माहीत, कंपनीच्या बसच्या ड्रायव्हरला तर तोंडपाठ. एकच माणूस राहिला होता, देहूरोडचा दत्तोबा. आणि खरं सांगायचं तर हिंदुरावाला जे सांगायचं होतं ते एकट्या दत्तोबालाच सांगायचं होतं. म्हणूनच तर पाय निघत नव्हता.

हिंदुराव मूळचा पाटण तालुक्यातला. आयटीआय करून इकडं आला, पडेल ते काम केलं आणि आता एक्कावन्नाव्या वर्षी चाकणच्या एका मोठ्या कंपनीत प्रेस शॉपचा सुपरवायझर आहे. निगडीत दोन खोल्यांचा फ्लॅट, दारात स्कूटर, बायको सुमनताई, मुलगी दिपाली शिकतेय. माणूस साधा. पान नाही, तंबाखू नाही, कुणाच्या अध्यात नाही की मध्यात नाही. पण साध्या माणसांच्या पोटातही काय काय असतं हो.

याच्या पोटात काय होतं ते आधीच सांगून टाकतो. एकोणीस वर्षांपूर्वी हिंदुराव आणि दत्तोबा तळवड्यातल्या एका छोट्या शेडमध्ये पत्रा कापायच्या एकाच प्रेसवर होते. दत्तोबा पत्रा आत सरकवायचा, हात बाहेर काढायचा आणि ‘हां’ म्हणायचा. ‘हां’ ऐकलं की हिंदुराव पायडल दाबायचा. पत्रा, हां, धाड. पत्रा, हां, धाड. दिवसाला दोन-अडीच हजार वेळा. दोन्ही हातांनी दोन बटणं दाबल्याशिवाय मशीन चालू नये अशी सोय मुळात होती, पण त्यानं माल कमी निघतो म्हणून मालकानं ती काढून टाकली होती, आणि कुणी हूं की चूं केलं नव्हतं. एका दुपारी क्लार्क ओव्हरटाइमची यादी लावायला आला. आपलं नाव आहे का बघायला हिंदुरावानं मान वळवली आणि पाय सवयीनं खाली गेला. ‘हां’ झालंच नव्हतं.

दत्तोबाच्या उजव्या हाताची दोन बोटं गेली. हिंदुरावानंच त्याला रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. दत्तोबा शुद्धीवर आला तेव्हा त्याला त्यातलं काही म्हणजे काही आठवत नव्हतं. मालकानं तोवर रिपोर्ट लिहून तयार ठेवला होता: ‘कामगाराने इशारा दिल्यानंतर निष्काळजीपणाने पुन्हा हात आत घातला.’ खाली साक्षीदार म्हणून सही हिंदुरावाची. घरी दिपाली सव्वा महिन्याची होती हे खरं. पण हिंदुराव घाबरला होता हे त्याहून खरं.

आणि दत्तोबानं त्या कागदावर विश्वास ठेवला! “म्हणालो आसंन बाबा ‘हां’, आन् घातला आसंल परत हात,” असं म्हणून त्यानं स्वतःलाच दोष दिला. नोकरी गेली. बायकोनं, केसरबाईनं, देहूरोडला पिठाची गिरणी टाकली. गेली एकोणीस वर्षं ती नवऱ्याला गिरणीच्या पट्ट्याजवळ फिरकू देत नाही. धांदरट माणूस, मशीनपाशी नको. दत्तोबा बाहेर खुर्चीवर बसून डब्यांवर खडूनं नावं घालतो.

हिंदुराव दर दिवाळीला त्यांच्याकडं फराळ घेऊन जायचा, आणि दत्तोबा गिऱ्हाइकांना सांगायचा, “हा देवमाणूस बरं का. यानं रिक्षात घातलं म्हणून बाकीचा हात वाचला.” त्यावर हिंदुराव मान खाली घालून चकली खायचा. दत्तोबाला खरं सांगायचं की नाही, एवढाच प्रश्न होता, आणि तो त्यानं दर दिवाळीला पुढच्या दिवाळीवर ढकलला होता.

तर असा हा माणूस गेल्या नोव्हेंबरात अठरा दिवसांच्या ट्रेनिंगसाठी जपानला गेला. मुक्काम नागोया शहरात आणि कारखाना तासाभरावरच्या गावात, म्हणजे रोज ट्रेननं जा-ये. बरोबर कंपनीचे चार इंजिनिअर आणि दुभाषी म्हणून निवेदिता नावाची मुलगी. ती निघाली प्राधिकरणातलीच. पहिल्या दिवसापासून ती त्याला काका म्हणू लागली, त्यामुळं त्याला जरा धीर आला.

पहिल्याच संध्याकाळी काकांनी दिवे लावले. फलाटावर लोक दोन दोनच्या रांगेत उभे, कुणी कुणाला ढकलत नाही, गाडी आखलेल्या रेषेवर बरोबर दार आणून थांबली. हिंदुराव पुढं होता. आत पाय टाकल्या टाकल्या दोन जागा मोकळ्या दिसल्या आणि उभा जन्म एसटीत गेलेल्या त्या हातानं, मेंदूला न विचारता, खिशातला रुमाल काढून एका सीटवर टाकला. मागच्या निवेदितासाठी जागा धरली! शेजारच्या एका म्हातारीनं तो रुमाल दोन्ही हातांनी उचलला, कमरेत वाकली आणि त्याला परत दिला. हिंदुरावानं हसून तो पुन्हा सीटवर ठेवला. म्हातारीनं पुन्हा उचलला, या खेपेला नीट घडी घालून दिला.

“काका, त्यांना वाटतंय तुमचा रुमाल पडला,” निवेदिता दातांत ओठ धरून म्हणाली.

“अगं, पण जागा धरायची कशी मग?”

“धरायचीच नाही.”

हिंदुराव तासभर उभा राहिला. दुसरी जागा तेवढ्यात भरली, आणि रुमालाची मोकळीच राहिली, कारण आता तिथं बसायची म्हातारीला चोरी आणि यालाही चोरी.

शहरही तसलंच. हॉर्न म्हणून नाही. हिंदुराव म्हणायचा, पहिले दोन दिवस मला वाटलं विमानात कान बसलेत ते उघडलेच नाहीत. रस्त्यावर कचरापेटी सापडेना आणि कचराही सापडेना. केळ्याची साल खिशात घालून तो अख्खा दिवस फिरला. सकाळी सहाला हॉटेलच्या मागं चार पावलांची गल्ली, चिटपाखरू नाही, आणि एक म्हातारबुवा कुत्र्याची दोरी धरून लाल सिग्नलला उभे. कुत्रंसुद्धा उभं! आपल्या तळवडे चौकात असं कुणी थांबलं तर मागचा विचारील, भावा, गाडी बंद पडली का? चवथ्या दिवसापासून हिंदुरावही थांबायला लागला. शेंगदाण्याची चटणी आणि भात, जेवणाचं तेवढं तंत्र जमलं आणि दिवस बरे जाऊ लागले.

ट्रेनमध्ये तो पहिल्या डब्यात, ड्रायव्हरच्या मागच्या काचेशी उभा राहायचा. ड्रायव्हर पोरगेलासा, पांढरे हातमोजे घातलेला. सिग्नल आला की तो बोट रोखायचा आणि मोठ्यानं काहीतरी बोलायचा. घड्याळाकडं बोट, पुन्हा बोलणं. केबिनमध्ये दुसरं माणूस नाही.

“हा बोलतो कुणाशी?” त्यानं निवेदिताला विचारलं.

“स्वतःशीच. नियम आहे त्यांचा. नुसतं बघितलं तर लक्ष दुसरीकडं असू शकतं ना? बोट दाखवून तोंडानं बोललं की लक्ष तिथंच राहतं.”

“रोज तेच करून सवयीचं होत न्हाई?”

“सवयीनं चुका होतात म्हणूनच तर हे करतात, काका.”

हिंदुराव काचेपासून मागं सरकला. दुसऱ्या दिवशी तो मधल्या डब्यात जाऊन बसला.

पण सुटका होणार होती थोडीच! बाराव्या दिवशी गाडी मध्येच थांबली. सिग्नलचा कसला तरी बिघाड होता. सात मिनिटं. हो, सातच मिनिटं, आणि तेवढ्यात स्पीकरवरून चार वेळा माफी मागून झाली. उतरल्यावर बाहेर पडायच्या दाराशी टोपीवाले दोन कर्मचारी उभे, वाकून वाकून प्रत्येकाला एक छोटी चिठ्ठी देत होते. हिंदुरावाच्या हातातही एक आली.

“हे काय? तिकिटाचे पैसे परत?”

“नाही हो. ही ऑफिसात दाखवायची. आज गाडी सात मिनिटं उशिरा आली, चूक रेल्वेची आहे, असं लिहिलंय. म्हणजे साहेब या माणसाला बोल लावणार नाहीत.”

हिंदुराव चिठ्ठी हातात धरून तिथंच उभा राहिला. मागची माणसं त्याला वळसा घालून जाऊ लागली. सात मिनिटांसाठी! अनोळखी माणसांना, उगाच बोल लागू नये म्हणून, छापून ठेवलेला कागद. आणि आपण? आपणही एका कागदावर सही केली होती. त्याला स्वतःची इतकी लाज वाटली की कान तापले.

“काका, बरं वाटत नाहीये का?” निवेदितानं विचारलं.

“न्हाई गं. चल.” ती चिठ्ठी त्यानं कारखान्यात दाखवली नाही. पाकिटात, दिपालीच्या फोटोमागं ठेवली.

घरी आल्यावर तीन आठवडे गेले. रुमालाचा किस्सा सांगून सांगून गुळगुळीत झाला. शेवटी एका रविवारी सकाळी सुमनताई म्हणाली, “अहो, सगळ्या गावाला जपान सांगून झालं. दत्तोबा भाऊजींकडं कधी जाणार? आणि जाताय तर दळण घेऊन जा, पीठ संपलंय.” तिला बिचारीला यातलं काहीच माहीत नव्हतं. हिंदुरावानं गव्हाचा डबा स्कूटरवर पायांत ठेवला आणि निघाला.

गिरणी धडधडत होती. आत केसरबाई पिठानं पांढरी झालेली, दोन बायका दळणासाठी थांबलेल्या. दत्तोबा बाहेर खुर्चीवर, डाव्या हातात खडू.

“काय राव! जपान करून आलास आन् आमी मेलो व्हय?” दत्तोबा उठला, त्याचा डबा घेऊन दारात ठेवायला गेला, तशी आतून केसरबाई ओरडली, “ओ, लांब! पट्ट्यापाशी जाऊ नका. राह्यलेली आठ बी घालवाल!” थांबलेल्या बायका हसल्या. दत्तोबाही हसला आणि येऊन खुर्चीवर बसला.

हिंदुरावानं रुमालाचा किस्सा सांगितला. दत्तोबा डोळ्यांतून पाणी येईतोवर हसला. मग हिंदुरावानं पाकिटातून चिठ्ठी काढली आणि ती कशाची ते सांगितलं.

“सात मिनटासाठी?” दत्तोबानं ती उलटसुलट करून बघितली. “येडी हायती का काय ती लोकं!”

“दत्तोबा, तुझी चिठ्ठी माझ्याकडं एकोणीस वर्षं पडून हाय.”

“माझी? कसली?”

“त्या दिवशी तू ‘हां’ म्हणाला नव्हतास. तुझा हात आतच होता. मी यादीकडं बघत होतो आणि पायडल दाबलं. कागदावर लिहिलं ते खोटं. ते ठाऊक असून मी सही केली. भ्यालो होतो.”

दत्तोबाचं हसू तसंच चेहऱ्यावर राहिलं, उतरायला वेळ लागला. त्यानं आपला उजवा हात मांडीवर पालथा ठेवला आणि त्याच्याकडं बघत बसला. हिंदुराव वाट बघत होता, आता मारतो. मारलं असतं तर बरं झालं असतं.

“म्हंजी,” दत्तोबा हळूच म्हणाला, “मी न्हाई घातला हात?”

“न्हाई. तुझी काहीच चूक नव्हती.”

“मी धांदरट न्हाई?”

“न्हाई रे.”

मग दत्तोबाचा आवाज चढला. “आरं मायला! एकोणीस वरसं माझ्या दारात फराळ घिऊन येतूस, मी लोकास्नी देवमाणूस म्हनून सांगतो, आन् तू चकल्या खातूस? ल्येकीला शाळेत सोडाया हात धरायची मला भीती वाटायची, आपल्या हातनं काय हुईल म्हनून!” तो खुर्चीवरून उठला. “आन् मला सांगून काय उपेग? तिला सांग. आत जा. मोठ्यानं सांग, गिरणीत ऐकू येत न्हाई.”

हिंदुराव आत गेला. “वहिनी, दत्तोबाची चूक नव्हती!” केसरबाईनं कानामागं हात नेला. तो पुन्हा ओरडला. तिला ऐकू येईना. तिनं लाल बटण दाबलं, पट्टा हळू होत होत थांबला आणि गिरणीत एकदम शांतता पसरली. आता त्या दोन बायकांसमोर, भर शांततेत बोलायचं होतं. हिंदुराव बोलला. यादी, पायडल, कागद, सही. काही लपवून ठेवलं नाही.

“तुमी सही केली?” केसरबाईनं विचारलं.

“केली.”

केसरबाईनं त्याच्याकडं पाठ फिरवली. पदरानं तोंडावरचं पीठ पुसत दारात उभ्या असलेल्या नवऱ्याकडं बघत राहिली.

“बाई, माझं दळण व्हायचंय,” थांबलेल्यातली एक चाचरत म्हणाली.

केसरबाई बटणापासून बाजूला सरली. “अवो,” ती दत्तोबाला म्हणाली, “या. तुमी करा चालू.”

दत्तोबानं हात लेंग्याला पुसला. आत आला, पट्टा बघितला, वरची धान्याची पेटी बघितली आणि राहिलेल्या तीन बोटांतल्या अंगठ्यानं हिरवं बटण दाबलं. गिरणी धडधडू लागली.

हिंदुरावानं खाली वाकून आपला डबा उचलला आणि निघाला, तसा दत्तोबा गिरणीच्या वर आवाज काढून ओरडला, “ठेव तो डबा खाली! नंबर आला की तुझं दळण मी दळणार हाय.”