स्कॅनरच्या काचेवरचं घड्याळ

अण्णांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं, बनशंकरीत घड्याळदुरुस्तीचं छोटं दुकान होतं. नव्वदच्या दशकाच्या मध्याला त्यांची नजर अधू झाली. डोळ्याला भिंग लावूनही बारीक चाकं धूसर दिसायची. पण ते कुणाजवळ कबूल करत नसत. मला कळलं ते आईकडून.

मी तेव्हा छपाईच्या एका ऑफिसात डिझाइनचं काम करायचे. तिथे नवा स्कॅनर आला होता. एकदा गंमत म्हणून त्याच्या काचेवर अंगठी ठेवली, तर पडद्यावर ती वाटीएवढी होऊन आली. खाचेतला मळसुद्धा दिसला. वाटलं, अण्णांना घड्याळ असं दाखवलं तर?

साहेबांना विचारून एका रविवारी सकाळी त्यांना ऑफिसात नेलं. दुरुस्तीला आलेलं एक जुनं मनगटी घड्याळ त्यांनी बरोबर घेतलं होतं. त्याचं मागचं झाकण काढून, काचेवर पातळ प्लॅस्टिक अंथरून मी ते उघडी बाजू खाली करून ठेवलं आणि वर काळं कापड टाकलं. दिवा काचेखालून सरकत गेला. पडद्यावर चित्र हळूहळू वरून खाली उतरू लागलं.

अण्णा पडद्याला जवळजवळ नाक लावून बसले.

"हे बघ, हा लाल खडा. याच्यावर चाक फिरतं. स्वल्प मोठं कर."

मी केलं. कितीतरी दिवसांनी ते असे भरभरून बोलत होते. एकेका चाकावर बोट ठेवून सांगत होते. मग बोट थांबलं. स्क्रूच्या भोवती लांब, चकचकीत ओरखडे होते.

"कुणा अडाण्याच्या हातात गेलं होतं वाटतं," मी म्हटलं.

अण्णांनी चष्मा पुसला, पुन्हा पाहिलं.

"मीच उघडलं होतं, दोन महिन्यांपूर्वी. नीट चालत नाही म्हणून गिऱ्हाईक परत घेऊन आलं."

परतताना बसमध्ये ते खिडकीबाहेर बघत राहिले. त्या आठवड्यात त्यांनी दुकानातली सगळी घड्याळं ज्याची त्याला परत केली आणि दुकान बंद केलं. मला पडद्यासमोर बसायला नको वाटायचं.

बऱ्याच महिन्यांनी धीर करून विचारलं, "अण्णा, माझ्यावर रागावलात का?"

"नाही गं. कधीतरी कळायचंच होतं." मग म्हणाले, "पण आणखी वर्षभर कळलं नसतं, तर बरं झालं असतं."