नळाचा दिवस आणि खालची टाकी

मुलांनो, तुमच्या आजोबांनी निवृत्तीनंतर समुद्राच्या माशांची काचेची टाकी बैठकीत मांडली, तेव्हा तिच्याखालच्या कपाटात आणखी एक टाकी बसवावी लागली. तिला सम्प म्हणतात. वरचं पाणी पाइपातून खाली पडतं, तिथे गाळलं जातं आणि पंप ते पुन्हा वर चढवतो. माहितीपुस्तिका इंग्रजीत होती, म्हणून ती वाचून सांगण्याचं काम माझं. लाइट गेली की पंप थांबतो आणि वरचं बरंच पाणी खाली उतरतं. त्यासाठी सम्प अर्धा रिकामा ठेवायचा. आम्ही पंप बंद करून पाहिलं आणि मी काचेवर लाल चिकटपट्टी लावली, अगदी सरळ. पाणी तिच्यावर जाऊ द्यायचं नाही.

त्या दिवशी तुमची आत्याआजी, म्हणजे आजोबांची धाकटी बहीण, आसेगावला लग्नाला गेली होती. नवरा वारल्यापासून ती आमच्याकडेच राहायची. दुसरं घर तिला नव्हतं. आसेगावला दिराचं होतं, पण तिथे तिला कोणी विचारत नव्हतं. ती परत आल्यावर पट्टीचं सांगायचं मी ठरवलं होतं. पहिले दोन दिवस विसरले. नंतर मुद्दामच सांगितलं नाही.

मग नळाचा दिवस आला. आठवड्याने येणारं पाणी, त्या दिवशी आपल्याकडे कुठलंच भांडं अर्धं राहत नाही. ड्रम, घागरी, कुकरसुद्धा काठोकाठ. आजोबा मालेगावला गेले होते. आत्याआजीने कपाट उघडलं आणि रबरी नळी आत सोडली.

"अर्धी टाकी ठेवून राह्यले, अन् पान्यासाठी बोंबलतेत!" ती हसत स्वतःशीच म्हणाली.

मी समोर वर्तमानपत्र वाचत बसले होते. मी पान उलटलं.

दुपारी लाइट गेली. सम्प भरून वाहिला, सतरंजी भिजली, सोफ्याखाली तळं झालं. नळाचं औषध घातलेलं पाणी तर त्याआधीच वर चढलं होतं. आजोबा आले तेव्हा तुम्ही फोनवरून ज्यांना नावं दिली होती ते दोन्ही नारिंगी मासे आडवे तरंगत होते.

"समुद्राच्या माशाले नयाचं पानी? जनावराले तरी समजते! पट्टी दिसली नाही तुले?"

"दिसली, भाऊ. म्हनलं शोभेची हाये. नयाच्या दिवशी अर्धी टाकी कोन ठेवते?"

ते माझ्याकडे वळले. "तू सांगतलं नव्हतं हिले?"

"सांगितलं होतं," मी म्हणाले. "दोनदा."

आत्याआजीने माझ्याकडे पाहिलं. मी काही विसरत नाही, सगळं लिहून ठेवते, हे तिला पक्कं ठाऊक. तिने स्वतःचीच आठवण खोटी धरली.

"असंन सांगतलं वहिनीनं. माह्याच डोक्यात कांदे भरले हायेत."

"उद्याच्या गाडीनं आसेगावले जाय," आजोबा म्हणाले. "दिराचे वांगे तोड. वांगे मरत नाहीत."

ती हसली. तिला थट्टा वाटली. तोवर मी तिची पिशवी भरायला घेतली होती. साड्यांच्या घड्या, औषधं वेगळ्या डब्यात, डब्यावर वेळा लिहून.

तुम्ही फोन केला की आधी विचारायचात, आत्याआजी कुठाय? तिच्या बोलण्यावर तुम्ही लोळून हसायचात. मी शाळेचं, पुस्तकांचं विचारलं की हो किंवा नाही. एवढंच कारण होतं. याहून मोठं कारण मी शोधून पाहिलं, सापडलं नाही. तुम्हाला मात्र मी सांगितलं की तिला गावाकडेच बरं वाटतं.

गेल्या महिन्यात तिचा फोन आला. तिकडे तिची जाऊ तिला सोयाबीनच्या पोत्यांच्या खोलीत झोपवते.

"वहिनी, येऊ काय थोडे दिवस? टाकीले हात नाही लावत, शपथ."

"दिवाळीला मुलं यायची आहेत," मी म्हणाले. "खोली लागेल."

"पोट्टे येऊन राह्यले?" तिचा आवाज एकदम फुलला. "मंग राहू द्या, वहिनी. त्यायले ऐसपैस झोपू द्या. मी काय, कुठंई पडतो."

तुम्ही येणार नाही, हे तुमच्या आईने मला आदल्याच रविवारी कळवलं होतं.